सकाळ, सकाल, सकाय : 'ळ'च्या मागावर सहा दिवस

माझ्या पीएच.डी.चा विषय एका अक्षराएवढा आहे: ळ. हा स्वन, म्हणजे भाषेतला एक ध्वनी, मराठीच्या वेगवेगळ्या बोलींत नेमका कसा उच्चारला जातो, जिथे तो नाही तिथे त्याच्या जागी काय येतं, आणि जे येतं ते मोजल्यावर कसं दिसतं. दोन वर्षं दुसऱ्यांनी केलेली ध्वनिमुद्रणं ऐकून झाली. मग डिसेंबरात मी आणि माझी एक सहकारी मैत्रीण रेकॉर्डर, दोन मायक्रोफोन आणि चित्रांचा एक गठ्ठा घेऊन निघालो. पुणे, अलिबाग, पेण, जळगाव, अकोला. परत येऊन तीन आठवडे झाले, फायलींना नावं देऊन झाली, तेव्हा आता लिहायला बसले आहे.

पहिला दिवस : पुणे

पहिला दिवस घरच्याच गावात गेला, पण तो प्रवासातच धरते. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात सकाळी पोचलो. १८२१ साली सुरू झालेली ही संस्था, १९३९ पासून पदव्युत्तर संशोधनाची. झाडी दाट, आत शिरलं की रस्त्यावरचा आवाज एकदम मागे पडतो. इथे संस्कृतच्या महाकोशाचं काम १९४८ पासून चालू आहे. शब्दांच्या चिठ्ठ्या ठेवलेल्या कपाटांच्या रांगा मी आधीही पाहिल्या होत्या, तरी परत एकदा जाऊन उभी राहिले. सुमारे एक कोटी चिठ्ठ्या, बऱ्याचशा हातांनी लिहिलेल्या. पहिला खंड निघाला १९७६ साली. आपलं काम फार लांबतंय असं वाटायला लागलं की मी इथे येते.

'ळ'ची गोष्टही जुनीच आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या ऋचेतला दुसराच शब्द 'ईळे' आहे. पुढच्या संस्कृतातून तो स्वन गेला, मराठीत मात्र ठाण मांडून बसला. जुन्या भाषेत दोन स्वरांमध्ये एकटा 'ल' होता, तिथे आपल्याकडे 'ळ' झाला. जोड 'ल्ल' होता, तिथे 'ल' राहिला. म्हणून 'गल'चा गळा आणि 'गल्ल'चा गाल. शाळेत हे कुणी सांगितलं असतं तर व्याकरणाचा तास मला इतका कोरडा वाटला नसता.

गाइडनी निघताना एकच सूचना केली: "यादी वाचून घेऊ नकोस. वाचताना माणूस शाळेत जातो." म्हणून चित्रं. डोळा, केळं, माळ, कोळसा, फळा, जाळं, बाळ. सोबत गाय, साय, गाल, माल अशी जोडीला लागणारी.

संध्याकाळी स्वारगेटला अलिबागच्या गाडीची चौकशी केली. खिडकीतून उत्तर आलं, "सकाळी साडेसहा." त्याच क्षणी ठरवलं, की प्रत्येक स्थानकावर हाच प्रश्न विचारायचा. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव यांनी न्यूयॉर्कच्या दुकानांत 'र'साठी हेच केलं होतं. चौथ्या मजल्यावर मिळणारी वस्तू कुठे आहे असं विचारायचं, म्हणजे 'फोर्थ फ्लोअर'मधला 'र' आपोआप कानावर येतो. माणसाला आपण अभ्यासाचा विषय आहोत याची जाणीव नसते, म्हणून बोलणं मोकळं असतं. मी हे रेकॉर्ड केलं नाही, करूही नये; फक्त वहीत टिपलं.

दुसरा दिवस : अलिबागच्या खालचा कोळीवाडा

रेवदंड्याच्या वाटेवर एक कोळीवाडा आहे. मैत्रिणीच्या ओळखीतून तिथल्या एका आजींकडे जायचं ठरलं होतं. ऊन कोवळं, वाऱ्याला सुकत्या मासळीचा वास. अंगणात जवळा वाळत घातलेला. "जवला हाय तो, पाय नको देव," हे आजींचं पहिलं वाक्य. पहिल्याच वाक्यात माझा स्वन आला, आणि रेकॉर्डर अजून पिशवीत होता.

या किनाऱ्यावर कोळी-आगरी बोलीत 'ळ'च्या जागी 'ल' येतो: डोला, सगला, काला. 'ण'चा 'न' होतो. हे सगळं पुस्तकांतून ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हे, की आजी हा फरक मुठीत धरून वावरतात. मी चित्र दाखवलं की त्या एक क्षण थांबायच्या, माझ्या तोंडाकडे बघायच्या आणि जपून म्हणायच्या, "डोळा." नातीला हाक मारताना मात्र, "डोला चोलू नको गो." पहिला तासभर मला फक्त जपून बोललेलं मिळालं. शेवटी त्यांनीच सांगितलं. शाळेत गुरुजींनी 'ळ' येत नाही म्हणून बाकावर उभं केलं होतं. त्याला साठ वर्षं झाली. पाहुणा आला की तो 'ळ' त्या अजूनही ताटलीत ठेवून पुढे करतात.

मला त्याचा फार राग आला, आणि तो राग अजून आहे. भाषाशास्त्राच्या पहिल्या वर्गात शिकवतात की कुठलाही उच्चार अशुद्ध नसतो. ते वाक्य मी परीक्षेत लिहिलं होतं. त्याचा अर्थ त्या ओटीवर कळला.

यादी बाजूला ठेवली. आजींना जाळ्यांबद्दल विचारलं आणि त्या सुटल्या. कुठल्या मासळीला कुठलं जाल, कोणत्या महिन्यात पानी कसं, त्यांच्या सासऱ्यांची होडी कशी उलटली. चाळीस मिनिटं सलग, एकदाही न थांबता. माझ्या सगळ्या प्रबंधातला हा सर्वांत चांगला डेटा ठरेल, असं मला वाटतं.

आवाजाची अडचण होती. बाहेर बोटीचं इंजिन दुरुस्त होत होतं. आजींच्या मुलानं आम्हाला जाळी ठेवायच्या खोलीत नेलं. छतापर्यंत जाळ्यांचे ढीग, वरून नायलॉनचे दोर लोंबत होते. मी टाळी वाजवून पाहिली, प्रतिध्वनी जवळजवळ नाहीच. विद्यापीठातल्या ध्वनिरोधक खोलीला लाखो रुपये लागतात. इथे तेच काम जाळी करत होती.

*फील्डला जाणाऱ्यांसाठी थोडंसं:* रेकॉर्डिंग नेहमी डब्ल्यूएव्ही स्वरूपात, ४४.१ किलोहर्ट्झवर करा. एमपीथ्री नको, त्यात फाइल लहान करण्यासाठी ध्वनीतली माहिती टाकून दिली जाते आणि ती परत मिळत नाही. माइक तोंडापासून एका वितीवर, पण समोर नाही, जरा बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ'चा झोत त्यावर आदळत नाही. पंखा बंद. फ्रिज असेल तर मालकांना विचारून तेवढा वेळ बंद, आणि निघताना आठवणीनं चालू.

दुपारी तांदळाची भाकरी, जवळ्याचं सुकं आणि अलिबागचा पांढरा कांदा. तो कांदा कच्चा खाताना गोड लागतो.

जेवणानंतर पॅलॅटोग्राफी करायची होती. जीभ टाळूला नेमकी कुठे टेकते ते पाहायची ही जुनी, स्वस्त पद्धत. खाण्यायोग्य कोळशाची पूड तेलात कालवून जिभेला लावायची, एकच शब्द म्हणायला सांगायचं, आणि तोंडात छोटा आरसा धरून टाळूचा फोटो काढायचा. जिथे जीभ लागली, तिथे काळा ठसा. ध्वनिशास्त्रज्ञ पीटर लॅडफोगेड यांनी जगभरच्या खेड्यांत जाऊन हे केलं. शब्द मात्र विचारपूर्वक निवडावा लागतो. 'डोळा' चालत नाही, कारण 'ड'चाही ठसा उमटतो. 'बाळ' चालतो, कारण 'ब' ओठांवरच होतो.

मला भीती होती की आजी नाही म्हणतील. कोळशाची डबी उघडताच त्या हसल्या. "कोलसा? आमी लहानपनी कोलश्यानीच दात घासाचो." आणि स्वतःच बोटानं जिभेवर फासून घेतला. "बाल," त्या म्हणाल्या. जपून नाही, सरळ. फोटोत ठसा वरच्या दातांच्या लगेच मागे, हिरडीवर आला. माझ्या स्वतःच्या टाळूवरचा 'ळ'चा ठसा चांगलाच मागे, टाळूच्या घुमटाकडे आहे. दोन्ही फोटो शेजारी ठेवून आजींना दाखवले. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "म्हंजे माझी जीभ हितं लागते नि तुझी तितं. इतकाच?" मी म्हटलं, "हो आजी, इतकंच."

निघताना त्यांनी एक गोष्ट सांगितली: "पुढं जिकडं जाशील, तिकडच्या मानसांना माझा बोलना ऐकव." ही परवानगीसुद्धा रेकॉर्डरवर आहे.

तिसरा दिवस : पेणच्या खारजमिनी

अलिबागच्या स्थानकावर पेणच्या गाडीचं विचारलं. "सकाली सवासातला."

पेणजवळच्या एका आगरी गावात अर्धा दिवस. इथे 'ळ'इतकंच माझं लक्ष 'ड'नं वेधलं. दोन स्वरांमधला 'ड' 'र' होतो: गाडीची गारी, घोड्याचा घोरा. पाच निवेदक, म्हणजे आपली बोली बोलून दाखवणारी माणसं, मिळाले, चार जणांचं रेकॉर्डिंग बरं आहे. पाचवं गेलं. शेजारी लग्नाची हळद होती, ढोल-ताशा वाढला तसा आवाजाचा स्तर कमी करायचं माझ्या लक्षात आलं नाही आणि लाटांची टोकं कापली गेली. असं कापलेलं रेकॉर्डिंग दुरुस्त होत नाही. त्या काकांनी एक तास दिला होता. दर दहा मिनिटांनी हेडफोन लावून ऐकायचं, हे मी आता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

रात्री कल्याणहून गाडी पकडली.

चौथा दिवस : जळगाव

पहाटे जळगावला उतरलो तेव्हा हात खिशातून बाहेर काढवत नव्हते. किनाऱ्यावरून आलेल्या माणसाला ही थंडी अंगावर येते. स्थानकाबाहेर चहा घेताना रावेरच्या गाडीची चौकशी केली. चहावाले भाऊ म्हणाले, "सकायी आठला एक हाये."

मी आणि मैत्रिणीनं एकमेकींकडे पाहिलं. एका रात्रीत 'ल'चा 'य' झाला होता.

जळगाव जिल्ह्यात अहिराणी आहे, रावेर-यावलच्या पट्ट्यात लेवा गणबोली आहे, आणि दोन्हींत 'ळ'च्या जागी 'य' ऐकू येतो. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) याच मातीतल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्या बोलल्या ते दुसऱ्यांनी उतरवून घेतलं म्हणून आपल्यापर्यंत आलं. फील्डवर्कला निघताना मला त्यांची आठवण येतेच.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मैलोन्‌मैल. आमचे यजमान बागायतदार होते. त्यांनी बागेतच खुर्च्या टाकल्या होत्या. जागा सुंदर, रेकॉर्डिंगला मात्र कामाची नाही. केळीचं पान वाऱ्यावर सतत सळसळतं. मग त्यांची गाडी सावलीत लावली, काचा वर केल्या, आणि मागच्या सीटवर एकेकाला बसवलं. उभी गाडी हा चांगला स्टुडिओ आहे. गाद्या आवाज शोषतात, दारं घट्ट बसतात. उन्हाळ्यात मात्र हा उपाय करू नका.

इथे मला एक खास गोष्ट तपासायची होती. 'गाळ'चा 'गाय' झाला, तर तो आणि दूध देणारी गाय हे दोन शब्द सारखेच ऐकू येतात. माळ आणि माय, साळ आणि साय, यांचंही तेच. पण सारखे ऐकू येतात म्हणजे सारखे असतात का? लबॉव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं आहे, की काही भाषकांना स्वतःच्या दोन स्वनांतला फरक ऐकू येत नाही, तरी ते बोलताना तो करत असतात. कान हरतो, मोजपट्टी पकडते.

यजमानांच्या वहिनींना दोन्ही चित्रं दाखवली. विहिरीतून काढलेला गाळ, आणि गाय.

"गाय," त्या म्हणाल्या. मग दुसऱ्याला, "गाय."

"दोन्ही सारखंच म्हणता ना?"

"आता गायले गाय नई म्हनू तं काय म्हनू?" आणि गाडीतले सगळे हसले. त्यानंतर त्यांनी प्रत्येक शब्द पाच-पाच वेळा, सरमिसळ क्रमानं, न कंटाळता म्हटला.

रात्री प्राटमध्ये थोडं उघडून पाहिलं. प्राट हे ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पाउल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेलं मोफत सॉफ्टवेअर, आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवर असतंच. आवाजाच्या चित्रात, म्हणजे स्पेक्ट्रोग्राममध्ये, स्वर गडद आडव्या पट्ट्यांसारखे दिसतात. त्यांना फॉर्मंट म्हणतात. माझ्या पुणेरी 'ळ'कडे जाताना तिसरी पट्टी खाली झुकते आणि दुसरीजवळ येते. 'य'कडे जाताना उलट, दुसरी पट्टी चढून तिसरीजवळ जाते. 'ल'मध्ये तिसरी वरच राहते. म्हणजे 'ळ' आणि 'य' यांच्यात जीभ वेगळ्या जागी असूनही, कानाला मिळणाऱ्या खुणेत एक साम्य आहे: दोन पट्ट्या जवळ येतात. 'ळ'चा 'य' होण्यामागे हे एक कारण असेल का? हा अजून माझा अंदाज आहे. पण गोधडीत पाय घालून मी तो विचार करत बसले आणि झोप गेली.

वहिनींच्या दोन 'गाय'मध्ये फरक आहे का? पंधरा-वीस नमुन्यांवरून बोलणं बरोबर नाही. मोजणी चालू आहे.

जेवणाबद्दल न लिहून कसं चालेल? कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, कांद्याची पात, कळण्याची भाकरी. हिवाळ्यात जळगावला जात असाल तर भरीत घरगुतीच खा, आणि ते भाजताना तिथे उभे राहा. त्या धुराचा वास भरताच्या चवीचाच भाग आहे.

*संमतीबद्दल:* विद्यापीठाचा संमतिपत्राचा नमुना दोन पानी आहे आणि खाली सही. रावेरच्या एका मावशींनी सहीला साफ नकार दिला. पूर्वी एकदा कुणीतरी कागदावर अंगठा घेतला आणि शेताचा तुकडा गेला. तेव्हापासून मी संमती तोंडीच घेते: काय करणार, आवाज कुठे ठेवणार, कोण ऐकणार, नको वाटलं तर कधीही पुसता येईल, हे सगळं त्यांच्या बोलीत सांगायचं आणि त्यांचा होकार रेकॉर्ड करायचा. आपल्या नीतिसमितीकडून याची मंजुरी प्रवासाला निघण्यापूर्वी घेऊन ठेवा.

पाचवा दिवस : रेल्वेत

जळगाव ते अकोला. भुसावळ, मलकापूर, शेगाव. शेगावला गाडी थांबताच कचोरीवाले डब्यात आले आणि आम्ही सहा घेतल्या. समोरच्या बाकावर मूर्तिजापूरचे एक निवृत्त शिक्षक होते. आमचं काम ऐकून त्यांनी तीस वर्षं मुलांचे 'शाया' आणि 'फया' लाल शाईनं सुधारल्याचं सांगितलं. मी वाद घातला नाही. लिहिताना प्रमाण मराठी यायला हवी, हे त्यांचं म्हणणं मला मान्यच आहे. मी फक्त विचारलं, "आणि घरी, आईशी?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "घरी तं मीपण तसाच बोलतो." मलकापूर ते शेगाव हे अंतर फार नाही, पण तेवढ्यात त्यांनी मला वऱ्हाडीतले वीसेक शब्द लिहून दिले, स्वतःच्या सुवाच्य अक्षरात, प्रत्येकाचा अर्थ समोर.

ब्रिटिश काळात भाषा-अभ्यासक जॉर्ज ग्रिअर्सननी भारतीय भाषांची पाहणी केली तेव्हा सगळं असंच कागदावर आलं होतं. मराठीचा खंड १९०५चा. बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट गावोगावी बोलींत लिहून मागवली होती. ग्रामोफोनवरचे नमुने नंतर घेतले गेले. लिहून पाठवणाऱ्यानं 'ळ' लिहिला की 'य', हे त्याच्या कानावर आणि त्याच्या शाळेवर अवलंबून. शिक्षकांचा कागद मी जपून ठेवला आहे. तो कागदही एक पुरावा आहे.

सहावा दिवस : अकोल्याजवळचं गाव

डिसेंबरात वऱ्हाडात घरोघरी कापूस असतो. आमच्या निवेदक आजोबांच्या घराची पुढची खोली खालपासून खिडकीच्या वरपर्यंत वेचणीच्या कापसानं भरलेली होती. मधे दोन माणसं बसतील एवढी जागा. मी आत गेले, बोलले, आणि माझा आवाज मलाच परका वाटला, इतका तो कोरडा, जवळचा झाला होता. जाळ्यांची खोली चांगली होती. ही तिच्याहूनही सरस. पार्श्वभूमीचा आवाज इतका कमी मला कुठेच मिळाला नाही.

आजोबा सत्त्याहत्तर वर्षांचे. कापसावर पाठ टेकून बसले आणि मला म्हणाले, "पोरी, तुह्या यंत्राले आमचं बोलनं समजते का? आमचं तं गावठी आहे." शब्द वेगळे, पण अलिबागच्या आजींच्या चेहऱ्यावर जे होतं तेच इथे होतं.

मी त्यांना आजींचं रेकॉर्डिंग ऐकवलं. जाळ्यांबद्दलचं, होडी उलटली तो भाग. त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला. पहिल्यांदा ऐकून म्हणाले, "हे बाई वेगयीच बोलते." "परत लाव," म्हणाले. दुसऱ्या वेळी होडीच्या जागी त्यांचे हात थांबले. आजींच्या सासऱ्यांचं काय झालं ते मला विचारलं, मी सांगितलं. त्यांनी समुद्र कधी पाहिलेला नाही.

तिसऱ्यांदा ऐकून त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"समजते नं?" मी विचारलं.

"समजते. सगयं समजते," ते म्हणाले. मग माइककडे वळून, घसा साफ करून, त्यांनी त्या बाईला उद्देशून बोलायला सुरुवात केली. आधी कापसाचं, मग त्या वर्षी पाऊस कसा उशिरा आला त्याचं.